काजूच्या बुंध्यावर केशरी थर आलाय, बुरशी की तांबेरा की शेवाळ? डीएनए करून कळेल का?

जांबोटी_काजू:

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पुढं चोर्ला रस्त्याला लागून आमची दीड एकर काजू आहे, परड्यात दोन फणस आणि सुपारीची पाच-सहा झाडं. गेले तीन-चार पावसाळे बघूलालोय, काजूच्या बुंध्यावर केशरी रंगाचा थर चढतोय, लांबून बघितलं तर कुणीतरी गेरू फासल्यासारखा, जवळून मखमलीसारखा. पहिल्या वर्षी एका झाडावर होता, आता निम्म्या बागेत आहे. आणि नुसता झाडावर नाही, घराच्या चिऱ्याच्या भिंतीला उत्तरेच्या अंगानं पण तोच रंग आलाय, म्हणजे दगडाला पण रोग लागतो काय असं आमच्या आईनं विचारलं.

औषधाच्या दुकानात फोटो दाखवला तर तांबेरा म्हणाले आणि दोन बाटल्या हातात दिल्या. शेजारचे कन्नड बोलणारे अण्णा आहेत त्यांच्याकडं एक पत्रक आहे, त्यात "तुक्कु रोग" लिहिलंय, तुक्कु म्हणजे गंजच, तांबेराच झाला तो. पण तेच अण्णा स्वतः म्हणूलालेत की ही पाची आहे, शेवाळ, काही करू नका. माझी मुलगी बेळगावात बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, ती पण शेवाळ म्हणते. आता मला सांगा, शेवाळ हिरवं असतंय, हे केशरी कसं?

त्यात यंदा काही पानांवर पण गोल गोल ठिपके दिसलेत, पावलीएवढे, थोडे उंच, हात फिरवला तर खरखरीत लागतात, कडेला हिरवट-राखाडी आणि मध्ये गंजाच्या रंगाचे. त्यामुळं जरा भीती वाटतेय. काजूवर आमचं वर्षाचं गणित आहे.

मुलीचं म्हणणं असं की याचा डीएनए काढून बघू, म्हणजे वाद मिटेल, तिला त्याचाच प्रोजेक्ट करायचाय. मला तीन गोष्टी विचारायच्यात. हे नक्की काय आहे, फवारणी करू की नको, आणि डीएनए केला तर खरंच नाव कळतं काय की नुसता खर्च? जाणकारांनी सांगा, फोटो उद्या टाकतो, रेंज नाही इथं पावसात.

चंदगड_बागायत:

दादा आमच्याकडं पण आहे हे, चंदगड साइडला सगळीकडं आहे. बोर्डो मारा एक टक्का, एक किलो मोरचूद एक किलो कळीचा चुना शंभर लिटर पाणी, पाऊस उघडला की मारायचं. बुंध्याला ब्रशनं लावलं तरी चालतंय. आम्ही दरवर्षी लावतो, जातंय आणि पुढच्या वर्षी परत येतंय.

शेवाळवेडी:

काका, तुमची मुलगी बरोबर आहे आणि शेजारचे अण्णा पण. मी मूळची बेळगावचीच, शेवाळांवरच काम करते, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा कारण तुमच्या बागेत एक नाही दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघींना एकच औषध नाही.

बुंध्यावर आणि चिऱ्यावर आहे ते ट्रेंटेपोहलिया. हे हिरव्या शेवाळांच्याच गटातलं आहे, हरितद्रव्य त्याच्यात आहे, फक्त पेशीत तेलाचे बारीक थेंब असतात आणि त्यात बीटा कॅरोटीन भरलेलं असतं, गाजरात असतं तेच. त्यानं हिरवा रंग झाकला जातो. उघड्यावर ऊन लागतं त्यापासून संरक्षण म्हणून ते हे साठवतं. लॅबमध्ये सावलीत, खतपाण्याच्या माध्यमावर वाढवलं तर हेच शेवाळ हळूहळू हिरवं होतं, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बशी बदलली की काय असं वाटलं होतं. आईंच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. त्याला झाडातून काही घ्यायचं नसतं, फक्त बसायला ओलसर जागा पाहिजे, म्हणून दगडावर पण तेवढंच खुशीत वाढतं. झाडाच्या सालीच्या आत ते शिरत नाही. नखानं खरवडून बघा, खाली साल चांगली असेल. याला फवारणी नको. जांबोटी-कणकुंबीकडं जेवढा पाऊस आणि धुकं आहे तेवढ्यात ते येणारच, आणि बाग जुनी झाली, फांद्या एकमेकात गेल्या, आत दमट राहायला लागलं की वाढत जातं, "निम्म्या बागेत पसरलं" त्याचं कारण बहुतेक हेच असणार.

पानावरचे ठिपके मात्र वेगळे. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून सेफाल्युरॉस वाटतंय, फोटो आला की बघते. गंमत अशी की तेही शेवाळच, आणि ट्रेंटेपोहलियाचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. फरक एवढाच की ते पानाच्या वरच्या मेणचट पापुद्र्याखाली शिरून वाढतं आणि पानाला त्रास देतं. चहा, कॉफी, आंबा, पेरू, काजू सगळ्यांवर येतं. इंग्रजीत त्याला रेड रस्ट म्हणतात आणि तिथूनच सगळा घोटाळा झालाय, मराठीत तांबेरा, कन्नडमध्ये तुक्कु, आणि खरा तांबेरा ही बुरशी आहे, गव्हावर येते ती. दुकानदारानं फोटो बघून तांबेरा धरला आणि बुरशीचं औषध दिलं, त्याची चूक म्हणता येत नाही, नावच फसवं आहे. सेफाल्युरॉस जास्त असेल तर वर चंदगडच्या दादांनी सांगितलेलं बोर्डो खरंच चालतं, तांबं शेवाळाला सोसत नाही. पण आधी फांद्यांची विरळणी करा, आत ऊन-वारा जाऊ दे, शेणखत द्या. हे कमजोर आणि सावलीतल्या झाडावर जास्त बसतं.

आता डीएनए. काका, इथं मी थोडी भावनिक होते, कारण या कुळाची सगळी खरी ओळख डीएनएनंच झाली. पेशी विभागताना मधली भिंत कशी तयार होते ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून शास्त्रज्ञांना वाटायचं की हे जमिनीवरच्या झाडांचे जवळचे नातेवाईक असावेत, कारण तशी पद्धत झाडांमध्ये असते. मग अठरा एस नावाच्या जनुकाची अक्षरं वाचली आणि निघालं भलतंच, हे समुद्रातल्या उल्वाच्या वर्गातले. उल्वा म्हणजे कारवार-गोव्याच्या खडकांवर हिरव्या कागदासारखं शेवाळ दिसतं ना, ते. म्हणजे तुमच्या काजूवरचा केशरी थर समुद्रातल्या शेवाळाचा चुलत भाऊ आहे, आणि ही गोष्ट नुसत्या डोळ्यानं कधीच कळली नसती.

अजून एक. जवळजवळ सगळ्या सजीवांमध्ये जनुकाचं वाक्य संपवायला तीन पूर्णविराम असतात, तीन-तीन अक्षरांचे. या कुळात त्यातले दोन पूर्णविराम राहिलेलेच नाहीत, तिथं वाक्य थांबायच्या ऐवजी ग्लुटामीन नावाचं अमिनो आम्ल जोडलं जातं. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. झाडं, माणसं, बुरश्या सगळे एक व्याकरण पाळतात आणि चोर्ल्याच्या चिऱ्यावर बसलेला हा थर दुसरंच पाळतो. मला अजून पण हे सांगताना अंगावर काटा येतो.

नाव कळेल का या प्रश्नाचं उत्तर उद्या देते, जेवण राहिलंय.

जांबोटी_काजू:

ताई खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं. सकाळीच जाऊन नखानं खरवडून बघितलं, साल खाली चांगली आहे, ओली आणि तांबूस. भिंतीवरचं पण निघालं, बोटाला पिवळट पावडर लागली. पानावरचे मात्र निघत नाहीत, नखानं ओढलं तर पानच फाटतंय. फोटो जोडलेत. दोन बाटल्या परत द्यायला घेऊन चाललोय.

मुलगी विचारतेय की तिच्या कॉलेजमध्ये पीसीआर मशीन (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणारं) आहे पण शिकवतात ते फक्त बॅक्टेरियाचं, तर याचा डीएनए निघेल काय तसाच?

खालचा_बाक:

मुलीला आधी माझी कथा सांगा म्हणजे तिचं वर्ष वाया जाणार नाही.

मी एमएस्सीला हेच केलं होतं, नारळाच्या बुंध्यावरचा केशरी थर. खरवडला, बाटलीत घातला, तीन दिवस बॅगेत तसाच, मग किटनं डीएनए काढला आणि आयटीएस या डीएनएच्या भागाचे प्रायमर (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे बारीक तुकडे) लावले कारण लॅबमध्ये तेच होते आणि सगळे तेच वापरायचे. पट्टी इतकी सुंदर आली की मी फोटो काढून घरी पाठवला. सिक्वेन्स, म्हणजे डीएनएची अक्षरं, आला, जेनबँक या सिक्वेन्सच्या जागतिक साठ्याशी जुळवून बघितला (त्याला ब्लास्ट म्हणतात), उत्तर आलं क्लॅडोस्पोरियम. बुरशी! पुन्हा केलं, पुन्हा बुरशी, दुसरीच. गाईडनी मला विचारलं की तुला खात्री आहे का हे शेवाळ आहे, आणि मला पण खात्री राहिली नाही हो, मी दोन महिने तो थर बुरशी आहे असंच धरून चाललो आणि तसा रिपोर्ट लिहायला घेतला.

झालं काय होतं ते खूप नंतर समजलं. आयटीएस हा तुकडा बुरशीचा अधिकृत बारकोड म्हणून २०१२ मध्ये ठरला, आणि ते सर्वसाधारण प्रायमर बुरशीला फार चटकन चिकटतात. शेवाळाच्या तंतूंमध्ये बुरशीचे धागे आणि बीजाणू अडकलेलेच असतात, कितीही धुतलं तरी. त्यात या शेवाळाची पेशीभित्ती जाड, ती फुटतच नाही किटनं, म्हणजे शेवाळाचा डीएनए आतच राहतो आणि बुरशीचा बाहेर येतो. पीसीआर बिचारा जे मिळालं ते वाढवून देतो. आणि बाटलीत ओलं ठेवल्यामुळं बुरशी तीन दिवसात अजून वाढली असणार.

शेवटी आमच्या लॅबमधल्या एका सिनिअर ताईनी सांगितलं की आरबीसीएल कर. हे हरितलवकातलं जनुक आहे, बुरशीला हरितलवकच नाही, त्यामुळं बुरशी कितीही असली तरी ती वाढणारच नाही. एवढी साधी गोष्ट. दुसऱ्या पावसाळ्यात नवीन नमुना आणला, सिलिका जेलमध्ये लगेच सुकवला, द्रव नायट्रोजनमध्ये खलबत्त्यात पीठ होईपर्यंत कुटला, सीटॅब नावाच्या रसायनाच्या पद्धतीनं डीएनए काढला, आणि पहिल्या झटक्यात ट्रेंटेपोहलिया आलं. पण माझी पदवी तोपर्यंत सहा महिने पुढं गेली होती.

शेवाळवेडी:

खालचा_बाक, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, हेच मी सांगणार होते पण अनुभवाशिवाय ते पटत नाही.

काका, मुलीला सांगा की बॅक्टेरियाची पद्धत तशीच लावून चालणार नाही. झाडांसाठी सीटॅबची पद्धत १९८० च्या दशकापासून वापरात आहे आणि शेवाळाला पण तीच बरी पडते, त्यात थोडं पीव्हीपी नावाचं रसायन घालायचं म्हणजे सालीतून आलेली टॅनिनसारखी द्रव्यं त्याला चिकटून बाजूला होतात, नाहीतर पीसीआर अडतो. द्रव नायट्रोजन कॉलेजात नसेल तर सुकवलेला नमुना निर्जंतुक केलेल्या बारीक वाळूबरोबर खलून बघा, वेळ लागतो पण होतं.

आणि वर सांगायचं राहिलेलं एक. आरबीसीएल बुरशीला टाळतं हे खरं, पण काजूला टाळत नाही! काजूच्या पानात पण हरितलवक आहेच. पानावरचा सेफाल्युरॉसचा ठिपका कापून पानासकट घातलात तर सिक्वेन्स काजूचाच येईल आणि पुन्हा गोंधळ. ठिपक्यावर भिंगातून बघितलं तर बारीक केसासारखे दांडे उभे दिसतात, टोकाला बीजाणूंच्या पिशव्या, ते चिमट्यानं तेवढेच उचलायचे. चिकाटीचं काम आहे. प्रोजेक्टसाठी पहिल्या वर्षी भिंतीवरचाच नमुना घ्या असं मी सांगेन, चिऱ्याला हरितलवक नाही.

आता नाव कळतं का. काका, खरं सांगते, कुळ नक्की कळेल, वंश बहुतेक कळेल, जातीचं नाव कदाचित नाही, आणि त्यात मुलीची चूक नसेल. जुन्या पुस्तकात ट्रेंटेपोहलियाच्या जाती ओळखायच्या त्या फांद्या कशा फुटतात, पेशी लांब की गोल, बीजाणूपिशवी कुठं बसते यावरून. अठरा एस आणि आरबीसीएल लावून बघितलं तर निघालं की दिसायला सारखे नमुने नात्यानं लांबचे आहेत, आणि वेगळ्या वंशात टाकलेले काही जवळचे. म्हणजे ट्रेंटेपोहलिया हा वंशच एकसंध नाही. पाटील आडनावाच्या सगळ्यांना एका घरातले समजावं तसं झालं होतं.

घाटवाट:

मी फोटोग्राफर आहे, चोर्ला आणि भीमगडच्या बाजूला पावसात फिरतो. हा केशरी रंग मी शेकड्यांनी फोटोत पकडलाय पण नाव आज कळलं. एक विचारायचं होतं, केरळात मागं लाल पाऊस पडला होता तो याच शेवाळाचा होता असं कुठंतरी ऐकलेलं, खरं आहे का? आमच्याकडं तर ते एवढं आहे, मग इथं का नाही पडत?

शेवाळवेडी:

खरं आहे. २५ जुलै २००१ पासून कोट्टायम आणि इडुक्की जिल्ह्यात लाल पाऊस पडायला लागला आणि सप्टेंबरपर्यंत अधूनमधून पडत राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या दोन सरकारी संशोधन संस्थांनी अहवाल दिला की पाण्यातले लाल कण म्हणजे ट्रेंटेपोहलियाचे बीजाणू. नंतर दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ते कण परग्रहावरून आले असावेत असं मांडलं, जगभर बातम्या झाल्या, आणि खरी साधी गोष्ट मागं पडली. मग २०१५ मध्ये डीएनएवरून एका गटानं सांगितलं की जुळणी ट्रेंटेपोहलिया अॅन्युलाटा या जातीशी होते, जी ऑस्ट्रियातून नोंदलेली आहे, म्हणजे बीजाणू ढगांबरोबर युरोपातून आले असावेत.

इथं माझं मत सांगते, आणि काकांच्या मुलीनं हे नीट वाचावं. डीएनएची जुळणी ही डेटाबेसात जे आहे त्याच्याशीच होते. तिथं ऑस्ट्रियाचा नमुना आहे आणि जांबोटीचा नाही, चोर्ल्याचा नाही, आंबोलीचा नाही, तर सगळ्यात जवळचा म्हणून ऑस्ट्रियाच येणार. म्हणून लगेच ते तिथून उडत आलं असं मी म्हणणार नाही. पश्चिम घाटातल्या दर दहा-वीस किलोमीटरवरचा नमुना वाचून ठेवला असता तर कदाचित उत्तर वेगळं आलं असतं, कदाचित तेच आलं असतं, पण आपण वाचलेलंच नाही हे खरं दुखणं आहे. आपल्याकडचं शेवाळ परदेशी नावानं ओळखलं जातं कारण आपलं कुणी नोंदवलं नाही.

म्हणून मुलीनं सिक्वेन्स काढला की तो जेनबँकेत टाकावाच, पण नमुन्याशिवाय टाकू नये. सुकवलेला थर कागदी पाकिटात, त्यावर गाव, अक्षांश-रेखांश, कशावर होतं, तारीख, आणि ते पाकीट एखाद्या मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये (सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) क्रमांक घेऊन ठेवायचं. मग दहा वर्षांनी कुणी म्हणालं की हे नाव चुकीचं आहे तर उघडून बघता येतं. पाकीट नसलेला सिक्वेन्स म्हणजे सातबारा नसलेली जमीन. काम करता करता बुरशी वेगळी वाढवली आणि ती जपून ठेवायची झाली तर पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, शेवाळ मात्र तिथं देऊ नका.

घाटवाट, पाऊस इथं का लाल होत नाही त्याला हवामानाचं पण जुळून यावं लागतं, बीजाणू एकाच वेळी प्रचंड प्रमाणात सुटायला लागतात. तुमच्याकडच्या फोटोंवर तारखा आणि जागा असतील तर मला त्या हव्यात.

रानवाटेचा_माणूस:

एक सांगून ठेवतो. स्वतःच्या बागेतला, भिंतीवरचा नमुना घ्यायला अडचण नाही, पण भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथून चिमूटभर पण खरवडायचं तर वनखात्याची लेखी परवानगी पाहिजे, शेवाळ आहे म्हणून सूट नाही. आणि नमुना देशाबाहेरच्या लॅबला पाठवायचा झाला तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो, चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे नियम बघावे लागतात. सिक्वेन्सिंग देशातच करून घ्या, भरपूर ठिकाणी होतं. बाकी पोरीला शाबासकी, आमच्या भागातल्या पोरी यात याव्यात असं फार वाटतं.

दगडफूल_मसाला:

माझा वेगळा प्रश्न आहे. आमच्या घरी मसाल्यात दगडफूल घालतो ते पण शेवाळच म्हणतात ना? ते आणि हे एकच काय?

शेवाळवेडी:

एकच नाही, पण लांबचा संबंध आहे आणि छान आहे. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात ते, घर बुरशीचं आणि स्वयंपाक शेवाळाचा. मसाल्यातल्या दगडफुलात दुसरं, गोल पेशीचं हिरवं शेवाळ असतं. पण आपल्या घाटात झाडांच्या गुळगुळीत सालीवर पांढरट डाग आणि त्यावर काळ्या पेननं रेघोट्या मारल्यासारखं दिसतं बघा, तेही दगडफुलासारखंच बुरशी-शेवाळाचं जोडपं, ग्राफिस, त्याच्या आत बसलेलं शेवाळ ट्रेंटेपोहलियाच असतं. साल थोडी खरवडली की आत केशरी छटा दिसते. आणि सेफाल्युरॉसला पण एक बुरशी अशीच घरात घेते, मग पानावर राखाडी-पांढरे चपटे गोल दिसतात, त्याला स्ट्रिग्युला म्हणतात. काकांच्या तिसऱ्या फोटोत उजव्या कोपऱ्यातलं पान बघा, मला वाटतं तिथं तेच आहे. काका, ते पान तोडू नका!

जांबोटी_काजू:

ताई, पान तोडलं नाही, फांदीला लाल दोरा बांधून ठेवलाय.

मुलगी शनिवारी आली होती. कॉलेजातनं मॅडमना विचारून जुना सूक्ष्मदर्शक दोन दिवसांसाठी आणला होता. भिंतीवरचं चिमूटभर पाण्यात टाकून काचेवर ठेवलं आणि मला बघायला दिलं, मण्यांची माळ ओवल्यासारख्या पेशी, एकीला एक लागून, फांद्या फुटलेल्या, आणि आत प्रत्येकीत केशरी थेंब. आईनं पण बघितलं, तिला चष्म्यामुळं नीट दिसेना मग मुलीनं मोबाईलवर फोटो काढून मोठा करून दाखवला. आई म्हणाली, एवढं नीट कुणी रचलंय.

चौदा झाडांच्या पानांवर ठिपके निघाले, बाकी सगळी फक्त बुंध्यावरची. त्या चौदांची विरळणी पाऊस उघडला की करतो, बोर्डो तेवढ्यांनाच. सिलिका जेल बेळगावात मिळालं. तिनं सहा पाकिटं केलीत, चार भिंतीवरची आणि दोन सुपारीवरची, वर जांबोटी लिहिलंय आणि तारीख. आता मॅडम आरबीसीएलचे प्रायमर मागवतो म्हणाल्यात. खालचा_बाक यांना विचारायचं होतं की तुम्ही कुठले प्रायमर वापरलेले ते जर आठवत असतील तर मुलीला इथंच लिहून द्याल काय?